बुटाचं बक्कल

पहिल्यांदा स्की पायात चढवल्या तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो आणि पायात एकावर एक असे दोन जोड लोकरीचे मोजे होते. नवशिका ओळखायचा तर मोजे बघावेत असं नंतर एकाने सांगितलं, कारण स्कीचा बूट आधीच पाय चिमट्यात धरल्यासारखा आवळतो, त्यात दोन मोजे कोंबले की रक्त फिरायचं थांबतं आणि पाय उलट जास्तच गार पडतो. पण हे कळायला आधी कोणीतरी सांगायला हवं ना. मी पुण्याचा, मला थंडी म्हणजे अजून कपडे घाला एवढंच माहीत.

तर ते पहिलं प्रकरण थोडक्यात उरकतो. ऑफिसची टीम आउटिंग होती, कुठली कंपनी, कुठला डोंगर ते जाऊ दे. "तू तर एवढे ट्रेक केलेस, तुला काय अवघड" असं म्हणत मंडळींनी मला थेट चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या खुर्चीत, बसवून वर नेलं, आणि वर गेल्यावर पाच मिनिटांत सगळं ज्ञान दिलं. पुढची टोकं जवळ आणली की पिझ्झा, म्हणजे ब्रेक. समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज, म्हणजे सुसाट. चल, खाली भेटू. आणि गेले की सगळे. मी वर उभा, आणि समोर तो उतार, खालून बघताना पर्वतीएवढा वाटला होता आणि वरून बघितला तर सिंहगडाचा कडा.

दीड तास लागला खाली यायला. अर्धा रस्ता बुडावर, उरलेला स्की खांद्यावर टाकून कडेकडेने चालत, आणि शेजारून सहा-सात वर्षांची पोरं हातात पोल, म्हणजे त्या टेकायच्या काठ्यासुद्धा न घेता सूं करून चाललेली. खाली पोचलो तर टीम तोवर तीन चकरा मारून, फ्राइज खाऊन बसली होती. मला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच उठले, चला अजून एक रन! माणसं वाईट नव्हती हो, त्यातले दोघं आजही जवळचे मित्र आहेत. पण त्या टाळ्या काही डोक्यातून गेल्या नाहीत. घरी येऊन जाहीर केलं की हा खेळ आपला नाही, हा ज्यांच्या घरात गॅरेजमध्ये आजोबांच्या स्की टांगलेल्या असतात त्यांचा.

पुढची दोन वर्षं मी इथे अमेरिकेत बॉस्टनचा हिवाळा खिडकीतून बघत काढला. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. बायको एकदा वैतागून म्हणाली की त्या लायब्ररीतल्या बोर्डावर स्की क्लबचं पत्रक लागलंय, अनुभव नसला तरी चालेल लिहिलंय, जा की, घरात बसून नुसती चिडचिड करतोस. गेलो. त्याला आता सात सीझन झाले.

हा क्लब म्हणजे काही झगमगाट नाही. बॉस्टनच्या उत्तरेला न्यू हॅम्पशायर राज्यात नॉर्थ कॉनवे गावाच्या जवळ एक जुनं फार्महाउस आहे, त्यात बंक बेड, दोन बाथरूम (सकाळी साडेसहाला त्यांच्यासमोर जी रांग असते ती बघून मला गावाकडच्या लग्नघराची आठवण येते), एक मोठं स्वयंपाकघर आणि एक लाकडाची शेगडी. शुक्रवारी रात्री ऑफिस संपवून बॉस्टनहून निघायचं, अडीच-तीन तास गाडी हाणायची. वाटेत वीकेंडच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या, हे पण सगळे मिळून करतो. सगळा कारभार मेंबरच बघतात, पगारी माणूस कोणी नाही.

मी पैसे भरून मेंबर झालो तेव्हा मला वाटलं की आता बर्फ पडला की बोलावतील. पण पहिलं बोलावणं आलं ते ऑक्टोबरमधलं. वर्क वीकेंड. म्हणजे आपल्या भाषेत श्रमदान. गेलो तर ना स्की ना बर्फ, एका म्हाताऱ्याने हातात जाडे ग्लव्ह्ज दिले, अंगणात पडलेल्या लाकडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, साल वरच्या बाजूला येईल असं रच, आणि मधे हवा खेळू दे. बास. नाव काय, कुठून आलास, व्हिसा कुठला, काही नाही. संध्याकाळपर्यंत लाकडं रचली, नंतर कोणीतरी सांगितलं की भांडी घासायची पाळी तुझी आहे, फळ्यावर नाव लिहिलंय बघ.

आधी जरा खटकलंच. पहिल्याच दिवशी भांडी? मग रात्री बंकवर पडल्या पडल्या लक्षात आलं, आपल्याकडे पाहुण्याला ताट उचलू देत नाहीत. "राहू दे राहू दे" म्हणून हातातून काढून घेतात. ज्या दिवशी मामी म्हणते की अरे ते ताट जरा विसळून ठेव आणि येताना लसूण घेऊन ये, त्या दिवशी तुम्ही त्या घरचे झालेले असता. या लोकांनी मला पाहुणा व्हायची संधीच दिली नव्हती.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला आणि माझी गाठ पडली मावशीशी. तिचं खरं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पोस्टातून रिटायर झालेली, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि स्वतः पस्तिशी उलटल्यावर स्की करायला शिकलेली. (तिला एकेरीत म्हणतोय कारण तिकडे सगळेच एकेरी, आणि मावशी आपल्याकडेही एकेरीतलीच.) तिने आधी माझे मोजे बघितले. एक जोड काढायला लावला. मग बूट घालून उभं केलं, बोटं पुढे टेकतायत का विचारलं, आता गुडघे वाकव, आता सुटली ना बोटं, मग माप बरोबर आहे. आणि वर हेही सांगितलं की एवढ्यात काही विकत घेऊ नकोस, सीझनभरासाठी भाड्याने घे, शरद ऋतूत शाळांमधून जुन्या सामानाचा बाजार भरतो त्याला स्की स्वॅप म्हणतात, पुढच्या वर्षी तिथे जाऊ.

मी म्हटलं, मग तुम्ही मला शिकवणार ना? तर म्हणाली, छे. शिकवायला डोंगरावर पगारी इन्स्ट्रक्टर आहेत, त्यांच्याकडे दोन तासांचा लेसन घे, आमच्या खोडी तुझ्या पायात नकोत. आम्ही शिकवत नाही. मग तुम्ही काय करता? तर म्हणाली, आम्ही बरोबर असतो.

हे मी घरी फोनवर आईला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, म्हणजे सोबत. हो की, सोबतच. अंधारातून जाताना, हॉस्पिटलात, मुलीला पहिल्यांदा एसटीने पाठवताना आपण सोबत बघतो. सोबत करणाऱ्याला रस्ता दाखवावाच लागतो असं नाही, त्याने नुसतं असायचं असतं.

लेसन घेतला, आणि खरं सांगतो त्याचा फायदा झाला. स्कीइंगमधली सगळी गंमत (आणि वैताग) अशी आहे की भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि मग ती वळतच नाहीत, नुसती पळत सुटतात, म्हणजे भीतीने जे करावंसं वाटतं नेमकं त्यानेच माणूस पडतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे, उताराकडे झुकायचं, आणि वळताना भार बाहेरच्या पायावर टाकायचा, डावीकडे वळायचं तर उजव्या. हे वाचायला सोपं आहे. शरीराला ते पटायला मला जानेवारीचा सगळा महिना लागला, आणि न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातला, बर्फ म्हणजे निम्मा वेळ काचेसारखा कडक, त्याला इथले लोक बॉयलरप्लेट म्हणतात, त्यावर पडलं की नितंबाला आठवडाभर आठवण राहते.

मावशी बरोबर असायची म्हणजे काय, तर माझ्या पुढे अगदी हळू जायची, मोठी मोठी वळणं घेत, आणि मी तिच्या मागच्या रेघेत रेघ मिळवायची. माझ्याकडे वळून बघायची नाही. सूचना नाहीत. शंभर-दीडशे फूट गेलं की कडेला थांबायची, आणि वळणाच्या पलीकडे कधीच नाही, नेहमी वरून दिसेल अशा ठिकाणी. मी धडपडत, पडत, परत उठत (स्की आधी उताराला आडव्या लावायच्या, मगच उठायचं, नाहीतर बसल्या जागेवरून घसरायला लागतं) तिच्यापाशी पोचलो की ती खाली वाकून बुटाचं वरून दुसरं बक्कल उघडायची, जरा खाटखुट करायची, परत लावायची. नाही बसलं वाटतं. परत उघडायची. मग जॅकेटची चेन. मग ग्लव्ह. एवढं सगळं होईपर्यंत माझा श्वास जागेवर आलेला असायचा, मांड्यांची थरथर थांबलेली असायची, आणि मग ती म्हणायची, हं, झालं माझं, निघायचं का?

दर वेळी. दर थांब्याला तेच बक्कल.

फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री मी भला माणूस बनून तिचा बूट उचलला आणि तळघरात दुरुस्तीच्या बाकावर घेऊन गेलो. तिथे आमचा एक जण दर शनिवारी सगळ्यांच्या स्कींना इस्त्रीने मेण लावत आणि कडा घासत बसतो, फुकट, त्याला दुसरं व्यसन नाही. त्याला म्हटलं, हे बक्कल जरा बघ, बिचारीला फार त्रास देतं. त्याने उघडलं, लावलं, तीनदा केलं. टक्. टक्. टक्. म्हणाला, याला काही झालेलं नाही. म्हटलं, अरे असं कसं, दर शंभर फुटांना सुटतं ते. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग असा हसायला लागला की हातातली इस्त्री बाजूला ठेवावी लागली त्याला.

मला लगेच कळलं नाही हे मान्य करतो. कळलं ते रविवारी परतताना गाडीत, आणि कळल्यावर आधी आठवला तो माझा मावसभाऊ.

२००६ च्या पावसाळ्यात आम्ही सहा जण राजगडला गेलो होतो, गुंजवण्याकडून, चोरदरवाजाच्या वाटेने. मी तेव्हा तीस किलोमीटर चालून वर वडापाव पचवणारा गडी. मावसभाऊ जरा जाड, पहिलाच ट्रेक. आम्ही त्याला टाकून पुढे गेलो नाही, मुळीच नाही, आम्ही थांबायचो! दर टप्प्यावर थांबायचो. कातळावर बसून चिक्की खायचो, गप्पा मारायचो, आणि तो खालून धापा टाकत वर आला की "आला रे आला, चला" म्हणून उठायचो. तो परत कधीच कुठल्या ट्रेकला आला नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याला आवड नाही. त्या रविवारी रात्री त्याला फोन लावला, तिकडे सोमवारची सकाळ, तो ऑफिसला निघालेला. विचारलं, तुला राजगड आठवतो का रे? म्हणाला, आठवतो की, तुम्ही सगळे बसलेले असायचात, आणि मी आलो की उठायचात. मला दिवसभरात बसायलाच नाही मिळालं. हसत हसत म्हणाला, तक्रारही नव्हती त्यात. पुढे म्हणाला, ठेवतो आता, सिग्नल सुटला.

हे गणित साधं आहे. पुढचा माणूस थांबतो तेव्हा त्याची विश्रांती होते, मागचा पोचतो तेव्हा ती संपते, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. थांबलो म्हणजे आपण केलं बरोबर असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आणि त्यातही, "बस थोडा वेळ, दम खा" असं तोंडावर म्हटलं की मागचा माणूस नको नको म्हणतो, कारण आपल्यामुळे सगळे खोळंबलेत हे त्याला कळत असतं. म्हणून ते बक्कल. खोळंबा मावशीने स्वतःच्या अंगावर घेतला होता.

शनिवारी रात्री शेगडीभोवती जुने लोक गप्पा मारतात त्यात एक गोष्ट दर वर्षी एकदा तरी होतेच. १९३१ च्या जानेवारीत बॉस्टन अँड मेन रेल्वेने बॉस्टनहून न्यू हॅम्पशायरला पहिली स्नो ट्रेन सोडली, आणि पुढे त्या गाड्या नॉर्थ कॉनवेलाही यायला लागल्या. शहरातले लोक रविवारी सकाळी डब्यात स्की घेऊन बसायचे, दिवसभर पडायचे आणि संध्याकाळी परत. पण खरी गोष्ट १९३९ ची. हानेस श्नायडर हा ऑस्ट्रियातला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला स्की शिक्षक, स्कीची टोकं जवळ आणून वेग आवरायचा आणि तिथून पायरी पायरीने समांतर वळणापर्यंत जायचं ही शिकवायची पद्धत त्याने बसवली, म्हणजे माझ्या त्या पिझ्झाचं घराणं तिकडचं. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला पकडलं. नॉर्थ कॉनवेचाच मूळचा एक न्यूयॉर्कमधला बँकर होता, हार्वे गिब्सन, त्याने आपलं वजन वापरून त्याला सोडवून आणलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर बायकापोरांसह गावच्या स्टेशनवर उतरला तेव्हा शाळेतल्या मुलांनी दोन्ही बाजूंनी स्कीचे पोल वर धरून कमान केली होती आणि तो त्याखालून चालत गेला. ते पिवळं स्टेशन अजून आहे, मी दर वेळी तिथून जाताना बघतो. मला त्यातली कमान नाही, पोरं भावतात. जगातल्या मोठ्या उस्तादाला गावातली पोरं सांगतायत, ये, इथे आम्ही आहोत.

आता हे ऐकून सगळंच गोड गोड होतं असं कोणी समजू नये. याच देशात १९७३ मध्ये काळ्या लोकांच्या १३ स्की क्लबांनी कोलोरॅडोत अ‍ॅस्पेनला पहिलं एकत्र संमेलन भरवलं, त्यातूनच पुढे नॅशनल ब्रदरहूड ऑफ स्कीअर्स उभी राहिली, आणि ते येणार म्हटल्यावर तिथल्या गव्हर्नरने नॅशनल गार्डला सज्ज राहायला सांगितलं होतं. स्की करायला येणाऱ्या लोकांसाठी लष्कर! हे मला क्लबमध्येच एका काळ्या मेंबरने सांगितलं, चेअरलिफ्टवर, दोघंच होतो तेव्हा. मी त्याला म्हटलं होतं की लॉजच्या कॅफेटेरियात शिरलो की मी आधी मान फिरवून आपल्यासारखे किती आहेत ते मोजतो. तो म्हणाला, मी चाळीस वर्षं मोजतोय, आता फक्त सवय म्हणून.

आणि मदत करणारे सगळे मावशीसारखे नसतात. आमच्यात एक गृहस्थ आहेत ते लिफ्टवरून जाता जाता खालच्या नवशिक्यांना ओरडून सूचना देतात. गुडघे! हात! खांदे! माणसाला एका वेळी एकच अवयव सांभाळता येतो हे त्यांना मान्य नाही. नवरा-बायकोने एकमेकांना शिकवू नये हा तर अलिखित नियमच आहे, मी मोडून बघितलाय, त्या दिवशीचा परतीचा अडीच तासांचा प्रवास मी विसरणार नाही.

पहिल्या सीझनमधलाच मार्चचा एक शनिवार होता. रात्रीत नॉरईस्टर, म्हणजे इकडचं बर्फाचं वादळ, येऊन गेलं होतं, सकाळी उठलो तर गाड्या दिसत नव्हत्या, फूटभर ताजा भुसभुशीत बर्फ. ज्याची सगळा हिवाळा वाट बघायची तो पावडर डे. स्कीवाल्यांत एक म्हण आहे, पावडरच्या दिवशी मैत्री नाही, म्हणजे त्या दिवशी कोणी कोणासाठी थांबायचं नाही आणि कोणी रागवायचंही नाही. सगळे आठच्या आत लिफ्टच्या रांगेत. मावशी माझ्याबरोबर सोप्या हिरव्या रनवर आली (उतारांना अवघडपणाप्रमाणे रंग असतात, हिरवा सगळ्यात सोपा). म्हणाली, गुडघा जरा दुखतोय आज, मला हळूच जायचंय. मी म्हटलं बरं झालं, सोबत होईल! अकरा वाजेपर्यंत ती माझ्याबरोबर होती, आणि तेव्हा पहिल्यांदा मी वरपासून खालपर्यंत न पडता आलो. त्यानंतर ती झाडांमधल्या उतारावर निघाली. गुडघ्याचं काय झालं हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. अकरापर्यंत तिथला सगळा बर्फ लोकांनी तुडवून टाकलेला असतो, हे मला पुढे दोन वर्षांनी, मी स्वतः पावडरसाठी पहाटे पाचला उठायला लागलो तेव्हा समजलं. तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, मला तर काही आठवत नाही बाबा.

गेल्या वर्षी तिच्या त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, या वेळी खरोखरचं दुखणं. यंदा ती खाली लॉजमध्ये खिडकीपाशी थर्मास घेऊन बसते आणि कोण कसं उतरतंय ते बघते.

आणि या जानेवारीत माझ्या वाट्याला एक नवीन मेंबर आली, बॉस्टनजवळच्या लोवेलची, मूळची कंबोडियाची, पन्नाशी ओलांडलेली, नर्सिंग होममध्ये काम करते. मोजे एकच जोड होता, मी आधी तेच बघितलं. लेसन घेऊन आली होती. आम्ही हिरव्या रनवर निघालो, मी पुढे, मोठी मोठी वळणं घेत, मागे न बघता, आणि मागे न बघणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. पहिल्या थांब्याला कडेला उभा राहिलो. ती आली, पार धापा टाकत, चष्म्यावर धुकं. मी वाकलो आणि वरून दुसरं बक्कल उघडलं. टक्. लावलं. परत उघडलं.

"सुटतंय का?" ती म्हणाली. "थांब, मला बघू दे, मी रोज वीस माणसांचे बूट बांधते." आणि मी नको नको म्हणेपर्यंत ती पुढे सरकलीच, वाकली, माझा बूट दोन्ही हातांनी धरला, तिच्या स्की खालून निसटल्या आणि माझ्याही, आणि आम्ही दोघं एकमेकांना धरून हळूच, अगदी सावकाश, बर्फात बसलो.

"लावलं मी," ती म्हणाली. बक्कल खरंच लावलेलं होतं.

मी म्हटलं, आता बसलोच आहोत तर बसूया थोडं, लिफ्ट चारपर्यंत चालू असते.